भिंती नसलेल्या घरातलं विष

"विषप्रयोगामागे नेहमी एक थंड डोक्याचा माणूस असतो," मताइओ गंभीरपणे म्हणाला. सामोआतल्या सवाई बेटावरचा तो एकुलता एक खासगी गुप्तहेर. आजवर त्याने अकरा प्रकरणं सोडवली होती. त्यांतली नऊ हरवलेल्या डुकरांची होती.

गाडी चालवणाऱ्या उलीने, म्हणजे त्याच्या मेव्हण्याने, मान डोलावली. पगार नसल्यामुळे त्याला तेवढंच परवडत असे.

दोघं गावात पोचले तेव्हा म्हातारा सरदार इओसेफो चटईवर पडला होता. मुलं ऑकलंडला, त्यांचा फोन नाताळला येई. धाकटा मुलगा वारलेला. त्याची विधवा तलिता तेवढी घरात.

"संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजतो, तलिता कोको देते आणि मला हुडहुडी भरते," म्हातारा म्हणाला. "शंख वाजला की रस्त्यावर कुणी पाऊल टाकत नाही. मग विष घालणार कोण? घरातलंच माणूस!"

घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. तरी साऱ्या गावाला हे पटलं होतं. शनिवारी सरदारांची बैठक तलिताला गावाबाहेर काढणार होती.

मताइओने म्हाताऱ्याचा हात धरला. नखांखाली बारीक, काळपट-लाल रेघा होत्या.

"कुसळं," उली म्हणाला.

"वर्षभर लाकडाला हात नाही लावला मी."

मताइओला त्याच्या जबड्यात रिकामी जागा दिसली. "दात कधी पडला, आजोबा?"

"पडला नाही. किडकी दाढ होती, पुतण्याने पकडीने उपटली. तीन महिने झाले."

"लहानपणी काही आजार?"

"घसा धरला, मग सांधे. आज गुडघा, उद्या कोपर. पोरं रग्बी खेळायची, मी इथून बघायचो." तो थांबला. "अजून इथूनच बघतो."

पुतण्या सेमिसी गुरगुरला, "काकांची सरदारकी मलाच मिळणार, खरंय. पण शंखानंतर मी समोरच्या घरात प्रार्थनेला गुडघे टेकून असतो, अख्खं गाव बघतं. आणि दाढ काढल्याचे आभार अजून कुणी मानले नाहीत!"

तलिता नारळ खवत होती. "एकाच भांड्यातला कोको दोघं पितो. मधे सात दिवस दवाखान्याच्या गोळ्या दिल्या, ताप गेला. तेव्हाही कोको मीच देत होते ना? गोळ्या संपल्या, ताप परत. तर म्हणे सुनेने विष वाढवलं."

"मग राहता कशाला इथे?"

"मी गेले तर त्यांच्याशी बोलणार कोण?"

मताइओने दवाखान्यातली नर्स आणली. तिने छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तीनदा रक्त काढलं.

"एवढं रक्त गेलं तर डुक्कर मरेल," उली पुटपुटला.

शनिवारी सरदार गोल बसले. मताइओ उभा राहिला.

"आरोपी घरातलाच आहे. नुसता घरात नाही, आजोबांच्या आत आहे. लहानपणीच्या घशाच्या आजाराने सांधे धरले आणि जाताना हृदयाची झडप खरबरीत केली. नर्सला ती नळीतून ऐकू आली. पुढे दाढ उपटली. तोंडातला स्ट्रेप्टोकोकस जंतू जखमेतून रक्तात शिरला. धड जागेवरून तो घसरतो, खरबरीत झडपेवर ठाण मांडतो. वर साकळलेल्या रक्ताची गोधडी पांघरतो. गोळ्यांनी बाहेरचे मेले, गोधडीतले उरले; म्हणून ताप परतला. त्या गोधडीचेच कण सुटून नखांखाली अडकले, त्याच त्या काळपट-लाल रेघा. नर्सने तपासायला पाठवलेल्या रक्ताच्या तिन्ही बाटल्यांत तोच वाढला."

"आणि कोको?" सेमिसीने विचारलं.

"ताप संध्याकाळी चढायचा. कोकोही संध्याकाळीच यायचा."

बैठकीने तलिताला निर्दोष ठरवलं. इओसेफोने मताइओचा हात धरला.

"म्हणजे माझ्या वाईटावर कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाही, आजोबा."

"कुणीच?" त्याने पुन्हा विचारलं.

त्याला राजधानी अपियाच्या रुग्णालयात हलवलं. सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं होती. ताप दहाव्या दिवशी उतरला. आळ घेतल्याबद्दल तलिताची माफी कुणी मागितली नव्हती; ताप उतरायच्या आदल्या दिवशी ती माहेरी निघून गेली.