दोरी सुटल्यावर

“मामा, दोरी सोडू नकोस!” भिंगरी ओरडली, पण मामाने सोडलीच. ड्रोन झपकन उसळला आणि हवेत कोलांटी खाऊन वाळूत पालथा पडला.

वाऱ्याने घात केला, असं मामा म्हणाला. तो रोज हेच म्हणायचा. वारा बिचारा काय बोलणार?

भिंगरीला रडू आवरेना. तिची आई खाडीपलीकडच्या बेटावर नर्स होती. बदली नर्स मिळेना, म्हणून भिंगरीची शाळेची सुट्टी संपत आली तरी आईला घरी येता आलं नव्हतं. फोनही धड लागत नसे. रोज संध्याकाळी भिंगरी धक्क्यावर बसून पलीकडचे दिवे बघायची आणि त्यातला आईचा कोणता ते ठरवायची. मामाने बनवलेला हा ड्रोन बेटावर औषधं नेणार होता आणि त्याच्या कॅमेऱ्यात आई दिसणार होती. पण दुपारी इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई त्याची चाचणी बघायला यायच्या होत्या. त्यांच्यासमोर तो पडला, तर सगळं बारगळणार होतं.

मामाची मुलं तिच्याजवळ येऊन बसली. मोठा हुज्जत घालण्यात पटाईत, म्हणून वकील. धाकटी सतत कुणाच्या तरी मागे, म्हणून शेपूट. वकिलाने मुद्दा काढला, की आज तर पानही हलत नव्हतं. आणि शेडमध्ये ड्रोन कधीच पडत नाही. मग वाऱ्यावर खापर कशाला?

“आत बाबा दोरी बांधत नाहीत,” शेपूट म्हणाली.

भिंगरीने डोळे पुसले. एकदा ड्रोनने शेजाऱ्यांची काच फोडल्यापासून मामा बाहेर तो खुंटीला बांधायचा, मोटारी जोरात फिरवून बघायचा आणि मगच दोरी सोडायचा.

आतही एकदा दोरी बांधून बघ, म्हणून तिघांनी मामाचं डोकं खाल्लं. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून त्याने शेडमधल्या जाळीखाली ड्रोन बांधला, मोटारी फिरवल्या, दोरी सोडली. ड्रोन थेट जाळीत जाऊन अडकला. वारा तर दाराबाहेर होता.

“आम्ही रस्सीखेच खेळतो ना,” भिंगरी म्हणाली, “समोरच्यांनी एकदम दोर सोडला की आम्ही सगळे उताणे पडतो. याचंही तसंच होतंय.”

मामाने कपाळावर हात मारला. ड्रोन ठरल्या उंचीपेक्षा खाली राहिला, की जोर वाढवत जायचं, हे त्यानेच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. वाऱ्यात ते लागतंच. पण बांधलेला ड्रोन वर जाणार कसा? मोटारी आधीच पुऱ्या जोरात, तरी आतला हिशेब आणखी जोर मागत साचत जायचा आणि दोरी सुटताच सगळा उफाळून यायचा. मामाने लगेच प्रोग्रॅम सुधारला: मोटारी पुऱ्या जोरात पोचल्या, की हिशेब वाढवणं बंद.

दुपारी वारा चांगलाच सुटला होता. ड्रोन जरा डगमगला, सावरला आणि औषधं घेऊन खाडीवरून निघाला. पडद्यावर पाणी सरकलं, मग बेटाचा धक्का आला. धक्क्यावर आई होती, अगदी एवढीशी. ती मान वर करून हात हलवत होती.

“पोरांनी लाज राखली बघा माझी,” मामा डॉक्टरीणबाईंना म्हणाला. त्यांनी तिघांची पाठ थोपटली आणि बदली नर्ससाठी आजच वर बोलते, असं भिंगरीला सांगितलं.

भिंगरी पडद्यासमोर हात हलवत होती. आईला तो दिसणार नाही, हे तिला कळत होतं.

“मामा, त्याला जरा डोलव ना. डावीकडे, उजवीकडे.”

इतके दिवस दोरी सुटली की पडणारा तो ड्रोन आईच्या डोक्यावर सावकाश डावीकडे झुकला, मग उजवीकडे. पडद्यावरची आई क्षणभर थबकली आणि मग दोन्ही हात हलवू लागली.