वलगावच्या पुढे

लोक लग्नानंतर महाबळेश्वरला जातात. आम्ही लग्न चांगलं जुनं झाल्यावर, शनिवार-रविवार जोडून, अमरावतीला गेलो. आमच्या हिवरखेडच्या माणसाला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. एम.ए. मी त्या शहरात केलं. गांधी चौकातल्या बांगड्या, गिला वडा, वडाळी तलावाकाठी नेऊन न वाचलेली पुस्तकं. पुढे पुणंही पाहिलं. पुण्याने मला माझं मराठी सुधारायला सांगितलं. अमरावतीने असलं काही कधी सांगितलं नाही, त्यामुळे प्रेम कुणावर करावं हा प्रश्नच उरला नाही.

मी तेल्हाऱ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बऱ्याच उशिरा, नातेवाइकांनी आशा सोडल्यावर, गजेंद्ररावांशी लग्न केलं. ते बिजवर. केळी आणि संत्र्याचे बागायतदार, बोलायला मोकळे, घोरायला त्याहून मोकळे. त्यांची पहिली बायको शकुन तापाने गेली, एवढंच मला सांगण्यात आलं होतं. मीही तेवढ्यावरच थांबले होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, चतुराबाईंनी, माझ्या गळ्यात चांदीचा टाक घातला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. नाक जवळजवळ नाहीच, डोळे मात्र मोठे. ही शकुन. बिजवराच्या बायकोने सवतीचा टाक असा वागवायचा असतो. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा. कुठे निघायचं तर तिला घेऊन. नाहीतर ती नव्या बायकोला सुखाने नांदू देत नाही. मी वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायचे आणि टाक घालून घरी यायचे. त्यात मला विसंगती वाटत नसे. मंगळसूत्र त्याच्यापेक्षा जड होतं.

शनिवारी सकाळी गाडीत बॅग ठेवताना गजेंद्ररावांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"तिले कायले नेतं व अमरावतीले?"

"नेहमीच तर नेते."

"एक डाव दोघंच जाऊ ना, मॅडम. सवत घेऊन कोनी हनिमूनले जाते काय?"

मी हसले आणि टाक काढून देवघरात ठेवला. हाताला तो ऊन लागला. अंगावरचा दागिना ऊनच लागणार.

चतुराबाई दारात उभ्या होत्या. "गजू, तिले इचारलं काय?"

"इचारलं, इचारलं. घरीच राहतो म्हने."

स्वतःच्या विनोदावर ते अकोटपर्यंत हसत होते. गाडी मी चालवत होते. ते शेजारी बसून तोंडाने चालवत होते. अंजनगावला त्यांनी पान खाल्लं, दर्यापूरला चहा घेतला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. गाणी म्हणणं चालू होतं, सूर वगळून.

वलगाव यायच्या थोडं आधी ते गप्प झाले.

"मंजुषा, गाडी थांबव. जरा मांगं जाऊन पडतो."

"मळमळतंय का?"

"नाई. तोंडाले कोरड पडली."

पाण्याची बाटली घेऊन ते मागच्या सीटवर आडवे झाले. पेढीचा पूल ओलांडला, शेगाव नाका आला, पंचवटी चौकातला सिग्नल लागला. समोर रिक्षा, बाजूला उसाच्या रसाची गाडी, पाठीमागे एकाचा अखंड हॉर्न. माझं शहर. मला अगदी भरून आलं.

"अमरावती कवा येईन व?" मागून आवाज आला.

"हे काय, पंचवटी चौक."

"असं काय?" ते उठून बसले, काचेबाहेर पाहिलं. "पऱ्हाटी चांगली हाये इकडची."

बाहेर कापसाचं झाड नव्हतं, औषधांची दुकानं होती. मला वाटलं, हाही विनोदच. लग्नाच्या बायकोला नवऱ्याच्या विनोदावर हसण्याची सवय असते, म्हणून हसले.

राजापेठेतल्या लॉजवर त्यांनी मॅनेजरने बोट ठेवलं तिथे सही केली. खोली छान होती. पलंगावर बसल्यावर मात्र ते बसल्याजागी हलू लागले. आधी वाटलं, थंडी वाजते आहे. पण ती थरथर नव्हती. खराब रस्त्यावरच्या जीपमध्ये माणूस हलतो, तसे ते हलत होते. मधूनच सगळं अंग डावीकडे झुकायचं आणि वळण संपल्यासारखं पुन्हा सरळ व्हायचं.

संध्याकाळी गिला वडा खायला नेलं. एका हाताने प्लेट, दुसऱ्या हाताने टेबल घट्ट धरलेलं. वेटर थोडा वेळ पाहत राहिला.

"साहेबाले चक्कर येऊन राहिली काय?"

"रस्ता खराब हाये ना बापा," गजेंद्रराव त्याला समजुतीने म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अजून किती लांब?"

अंबादेवीच्या देवळात मी त्यांना मूर्तीसमोर उभं केलं. घंटा वाजत होती, मागचे लोक ढकलत होते, गाभाऱ्यातून फुलांचा आणि तेलाचा वास येत होता. ते मूर्तीच्या पलीकडे कुठेतरी पाहत होते, लांबवर, डोळे बारीक करून.

"अहो, अंबादेवी आहे समोर. हात जोडा."

"इथं कुठलं देऊळ? सारं वावरच तं हाये." मग एकदम माझं मनगट पकडलं. "मंजुषा, अमरावती गेली कुठं?"

तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

रविवारी सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब उत्तम, साखर उत्तम, डोक्याचा फोटो उत्तम. डॉक्टर तरुण आणि सभ्य होते.

"काका, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"रस्त्यात हावो साहेब."

"कुठल्या रस्त्यात?"

"वलगाव येऊन राहिलं."

डॉक्टरांनी अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. डॉक्टरांना कळेनासं झालं की गाव बदलतं. मी बाहेर येऊन सासूबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"आत्याबाई, ऐकताय ना?"

"काय इचारते तो?"

"अमरावती कवा येईन, म्हणून."

"हेच इचारे ती," चतुराबाई म्हणाल्या. "शकुन. अकोटच्या डाक्तरनं सांगतलं, आत्ताच्या आत्ता अमरावतीले न्या. तं हा म्हने, केळीचा माल भरून होऊ दे. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप काढली. ती मांगं पडलेली, मी तिच्या पायापाशी. हा समोर, डायवरच्या बाजूले. तिच्या तोंडाले कोरड पडे. सारखी इचारे, अमरावती कवा येईन, अमरावती कवा येईन. हा म्हने, येईन आता, झोप. एक डाव मांगं वळून नाई पाह्यलं त्यानं. वलगावच्या अलीकडं संपलं लेकरू."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तू कवा इचारलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंजुषा, आत्ता नीघ. घरी ये अन् तिचा टाक गळ्यात घाल. मी तिचे पाय धरतो. सोडीन ती त्याले. माह्या पोराले सोडीन."

मी फोन ठेवला. दवाखान्याच्या ओसरीत चांदूरची, तिवशाची, धारणीची माणसं बसली होती. कुणाला सलाईन लावलेलं, कुणी नुसतंच भिंतीला टेकलेलं. सगळी पोहोचलेली.

टाक नव्या बायकोच्या रक्षणासाठी असतो म्हणे. सात वर्षं मी हेच ऐकत आले होते. पण टाक काढल्यापासून मला काय झालं होतं? वडा पोटभर खाल्ला होता. झोप छान लागली होती. माझ्याशी तिचं काही भांडण दिसत नव्हतं.

घरी जायला फार तर तीन तास. लगेच निघालं असतं तर दिवस मावळायच्या आत पोहोचलो असतो. त्यांना लॉजवर झोपवून मी गांधी चौकात जाऊन हिरव्या बांगड्या भरल्या. बांगडीवालीने विचारलं, "आणखी कोनासाठी पाह्यजेन?" मी म्हटलं, "हो, त्याच मापाच्या."

दुपारी लॉजवर परतले. गजेंद्रराव पलंगावर पडले होते. अंग हलत होतं. ओठ फुटले होते. उशाशी पाण्याने भरलेला तांब्या होता. मी दोनदा पाजलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, बाटली रिकामी आहे.

मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"गाडी कोण चालवतंय?"

"डायवर."

"त्याच्या बाजूला कोण आहे?"

ते रडू लागले. मोठा माणूस रडताना पाहवत नाही म्हणतात. मी पाहिलं.

"तिले सांग ना, मांगं पाह्य म्हना एक डाव."

"तुम्ही सांगा."

"सांगतलं मी."

"मग?"

"म्हने, येईन आता. झोप."

मी खाली मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, आणखी काही दिवस राहू.

"वा!" तो खुश झाला. "साहेबाले अमरावती आवडली म्हना की."

"अजून पाहायची आहे त्यांना," मी म्हणाले.

खिडक्या बंद होत्या, पंखाही बंद होता. त्यांच्या कपाळावरचे केस सारखे मागे उडत होते.