कोरडी गाठ

सासऱ्यांच्या साठाव्या वाढदिवसाला खोल समुद्रातला एक तरी मोठा टूना पकडायचाच, आणि तोही त्यांच्या हातच्या गाठीने! जावईबापूंनी एवढ्यासाठीच दिवसभराकरता बोट ठरवली होती.

सासऱ्यांना गावात सगळे ‘गुरुजी’ म्हणत. ते काही शाळेतले गुरुजी नव्हते. त्यांचं दुकान होतं, गळ आणि मासेमारीच्या काठ्यांचं. नायलॉनची दोरी गळाला कशी बांधायची, हे गेली बावीस वर्षं ते गिऱ्हाइकांना काउंटरवर शिकवत आले होते. स्वतः कधी तळ्यापलीकडे गेले नव्हते, पण समुद्राच्या गप्पा अशा मारत की ऐकणाऱ्याला तहान लागावी. मागच्या वर्षी निवृत्त पोस्टमनच्या हातून आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा सुटला, तेव्हा गुरुजींनी भर दुकानात निकाल दिला होता : “मी शिकवलेली गाठ चोख होती. तुमच्याच हातात आता दम राहिला नाही.” त्यानंतर पोस्टमन समुद्रावर गेला नाही.

कप्तानबाई ठेंगणी आणि उन्हाने रापलेली होती. बोट तिची, इंजिनही तीच बघायची. सकाळी धक्क्यावर ती गळ बांधायला बसली, तर गुरुजींनी ते जवळजवळ हिसकावूनच घेतले.

“राहू द्या बाई. गाठींचं माझ्यावर सोडा.”

तिन्ही काठ्यांचे गळ त्यांनी एका दमात बांधले. जावईबापूंनी कौतुकाने फोटो काढला.

किनारा दिसेनासा झाला तशा लाटा मोठ्या झाल्या. बोट वर चढायची आणि धाडकन आपटायची. गुरुजींनी कठडा धरून सकाळचा चहा समुद्राला परत केला. “जरा पित्त झालंय,” ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. तेवढ्यात लांब पाण्यावर पक्ष्यांचा थवा घिरट्या घालताना दिसला. कप्तानबाईने बोट तिकडे वळवली.

“लागला!”

गुरुजींची काठी वाकली. काठीची चरखी किंचाळली. दोरी सुसाट पळाली आणि एकदम ढिली पडली. गेला!

“गळ तकलादू निघाला,” गुरुजी म्हणाले.

दहा मिनिटांत दुसरी काठी वाकली. ती जावईबापूंच्या हातात होती. तोही मासा गेला.

“घाई केलीत, जावईबापू. हाताला सवय लागते याची.”

कप्तानबाईने दोरीचं टोक ओढून घेतलं आणि बोटांत फिरवून पाहिलं. ते डुकराच्या शेपटीसारखं पिळवटलं होतं.

“घाईबिई काही नाही. गाठ कोरडीच आवळलीय. आवळताना नायलॉन घासून तापतो, कमजोर होतो. आधी थुंकी लावायची, मग ओढायचं. तुमच्या गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या दोरीची हीच तऱ्हा! कोण शिकवतो कुणास ठाऊक. भेटला तर त्याला एकदा पाण्यात बुचकळून काढणार आहे मी.”

जावईबापू पटकन क्षितिजाकडे बघू लागले. गुरुजींची कानशिलं तापली. दुकानात त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती : ‘येथे थुंकू नये’. त्या स्वच्छतेपायी बावीस वर्षं एकही गाठ ओली झाली नव्हती.

“काका, तिसरी पण कोरडीच आहे का?” कप्तानबाईने विचारलं.

“छे! मला ठाऊक आहे ते. आधीच्या दोन घाईत राहिल्या. तिसरी ओली करून बांधलीय.”

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. आता सांगू, मग सांगू, असं करत ते नुसते बसून राहिले.

वारा वाढला. पावसाचे थेंब तोंडावर टोचू लागले. आणि तिसरी काठी जावईबापूंच्या हातात कमानीसारखी वाकली! हा मासा वेगळाच होता. अर्धा तास तो ओढत राहिला. जावईबापूंनी काठी सोडली नाही. शेवटी पाण्याखाली निळी पाठ चमकली. केवढी ती पाठ! कप्तानबाई लांब दांड्याचा आकडा घेऊन कठड्यावर ओणवी झाली. दोरीला लावलेला मुठीएवढा शिशाचा गोळा तिच्या चेहऱ्यासमोर ताठ लटकत होता. गाठ तुटली तर तो गोळा सुटणार होता, थेट तिच्या कपाळावर!

“बाई, बाजूला व्हा!” गुरुजी ओरडले. “ती गाठ कोरडीच आहे! मी खोटं बोललो! खाली बसा!”

ती बसली. ताडकन दोरी तुटली. गोळा तिच्या डोक्यावरून गेला आणि केबिनच्या काचेवर आपटला. काचेला आरपार तडे गेले.

मासा गेला.

“तो शिकवणारा मीच,” गुरुजी खाली मान घालून म्हणाले. “सगळ्यांना मीच शिकवलं. बुचकळायचं तर बुचकळा.”

कप्तानबाईने काचेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. एक नवा गळ तिने त्यांच्या तळहातावर ठेवला.

“थुंका.”

गुरुजींच्या तोंडाला कोरड पडली होती. थुंकी येईना! जावईबापूंनी त्यांच्याकडे न बघताच पाण्याची बाटली पुढे केली. गुरुजी घोटभर पाणी प्यायले, गाठ ओली केली आणि हळूहळू आवळली.

दुपारी त्याच गाठीला टूना लागला. आधीच्याएवढा नव्हता, तरी दोघांनी मिळून ओढावा लागला. गाठ हलली नाही! जावईबापू नाचले, कप्तानबाईने शिट्टी मारली. पाठोपाठ आणखी दोन मिळाले. बर्फाची पेटी भरून गेली. जावईबापूंनी फोटोसाठी बोलावलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, “नको. त्यापेक्षा सकाळचा फोटो पुसून टाका.”

संध्याकाळी ते घरी गेले नाहीत. आधी पोस्टमनच्या दारात उभे राहिले. एका हातात टूनाचा मोठा तुकडा होता, दुसऱ्या हातात पिळवटलेल्या दोरीचं टोक. काय झालं ते सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं.

पोस्टमनने तुकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरीचं टोक घेऊन तो दिव्याखाली गेला. बराच वेळ ते बोटांत फिरवत राहिला. मग त्याने दोन्ही हात समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

“म्हणजे,” तो म्हणाला, “माझे हात ठीक होते?”