समुपदेशन कक्षासमोरचा बाक

किल्ली आणायला म्हणून मी ऑफिसात गेले, एवढीच सुरुवात. परदेशात शिकून नुकतीच परतले होते आणि या कॉलेजात समुपदेशक म्हणून माझा पहिला दिवस होता.

हेडक्लार्कना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. "घ्या मॅडम. आराम आहे तुम्हाला. दोन वर्षांत एकही केस नाही. आपली पोरं खणखणीत आहेत."

"केस घेता कशी?"

"अर्ज द्यायचा. विभागप्रमुखांची सही, पालकांची सही. नसली की हे." त्यांनी 'अपूर्ण' असा शिक्का टेबलावर आपटून दाखवला.

माझं डोकंच फिरलं. "ज्याला घरी तोंड उघडता येत नाही, तोच माझ्याकडे येणार ना? तो वडिलांची सही कुठून आणेल?"

"नियम मी केलाय का? आणि आमच्या वेळी कुठं होती ही थेरं? घाबरलो की आई पाठीत एक घालायची. लगेच बरं वाटायचं."

माझी खोली लांबलचक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. दारासमोर एक लोखंडी बाक, चारही पाय फरशीत नटबोल्टांनी आवळलेले. झाडणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, त्यावर बसू नका."

"का?"

"एक पोरगी बसायची. हातात अर्जाचा कागद. अकरा वेळा परत पाठवली तिला... मग गेली बिचारी. वारली." त्यांनी बाकाकडे पाहिलं. "तरी बसते..."

माझा विश्वास बसला नाही. पण कपाटात ते अकरा अर्ज सापडले. सगळे एकाच हातचे, प्रत्येकावर 'अपूर्ण'चा शिक्का. पहिल्या अर्जात कारण पाच ओळींचं होतं. शेवटच्यात तीनच शब्द: झोप येत नाही. मला भीती नाही वाटली. संताप आला. एवढे कागद जपून लावून ठेवले होते, आणि वाचला एकही नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले होते. व्हरांड्यातले दिवे अजून लागले नव्हते. शिक्क्याच्या शाईचा वास आला, ओला, ताजा. पाठोपाठ दाराबाहेर कुजबुज... दोघांची.

दार ढकलून तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आत आला. दाढी वाढलेली, मुठीत चुरगळलेला अर्ज.

"सही नाहीये... तरी येऊ?"

"ये. बस."

"आप्पांनी परत पाठवलं होतं. निघालोच होतो मी. पण बाहेरच्या ताई म्हणाल्या, आज परत जाऊ नकोस... आत जा."

मी बाहेर डोकावले. बाक रिकामा होता.

तो दोन तास बोलला. आठ रात्री झोप नव्हती. त्या संध्याकाळी खोलीवर परतल्यावर काय करायचं, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. त्याच्या परवानगीनं मी त्याच्या बहिणीला फोन केला. ती धावत आली. आता तो तिच्याकडे राहतो, डॉक्टरांची औषधं घेतो, दर आठवड्याला येऊन माझ्या चहाला नावं ठेवतो.

तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला प्राचार्यसाहेबांची लेखी समज मिळाली: पूर्ण अर्जाशिवाय कोणालाही आत घेऊ नये. मी तो कागद आप्पांसमोरच फाडला. "मला काढून टाका. तोवर दार उघडं राहील."

त्याच्या दुसऱ्या सकाळी बाक माझ्या दारापासून एक फरशी दूर सरकलेला होता. नट घट्ट. जुन्या जागी भोकंही नाहीत, फरशी अखंड. चौघांनी जोर लावला, तसूभर हलला नाही. तेव्हापासून रोज एक फरशी, ऑफिसच्या दिशेनं. आप्पा आधी हसले. परवा त्यांनी लांबच्या रजेचा अर्ज टाकला.

आज सकाळी मावशी केरसुणी हातात धरून दारात उभ्या राहिल्या.

"आप्पांचा अर्ज परत आला म्हणे. शिक्का मारून."

"कोणी मारला?"

"साहेब म्हणतात, मी नाही... शाई ओली होती, बाई."

"आणि बाक?"

त्यांनी व्हरांड्याच्या त्या टोकाकडे पाहिलं, पण मान पुरती वळवली नाही.

"दोन फरश्या राहिल्यात..."