खट् झाल्यावरचं पेट्रोल

“वास अजूनही येऊन राह्यला ना!” गाडीच्या मागे नाक नेत अश्वजित ओरडला.

तिघं एकमेकांकडे बघतच राहिले. पेट्रोलचा वास! पण इंद्रभानकाकांना कामावरून जाऊन तर आठ दिवस झाले होते!

उन्हाळ्याच्या सुटीत अश्वजित, त्याची बहीण धम्मशीला आणि मैत्रीण काजल यांनी पिंपळगाव राजात गुप्तहेर पथक काढलं होतं. पहिलाच तपास काजलच्या आबांच्या गाडीचा! उन्हात उभ्या गाडीजवळ रोज पेट्रोलचा वास येई. ड्रायव्हर इंद्रभानकाकांच्या शर्टालाही येई. “काकाच पेट्रोल काढतात!” पथकाने निकाल देऊन टाकला. आबांनी “शाब्बास!” म्हटलं आणि काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

“मंग चोर कोण?” धम्मशीलाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आबांबरोबर पंपावर गेले. टाकी भरली, नळी खट् करून आपोआप थांबली.

“थांबला काऊन? टाक अजून! काठोकाठ पायजे!” आबांचा हुकूम सुटला. पेट्रोल झाकणाशी सांडलं.

अश्वजित-धम्मशीलाच्या सहदेवमामांचं गॅरेज होतं. तिघांनी त्यांना गाडीपाशी बोलावून आणलं. त्यांनी गाडीखालचा एक काळा डबा काढून हलवला. आत चक्क पेट्रोल डुचमळलं!

“यात कोळसा असते,” मामा म्हणाले. “उन्हानं टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, तिले हा कोळसा धरून ठेवते. गाडी चालू झाली का इंजिन ते वाफ ओढून जाळून टाकते. पण टाकी गळ्यापर्यंत भरली तं पेट्रोलच इथं शिरते. कोळसा भिजला का वाफ धरत नाही. मंग वास बाहेर!”

“अन् काकाच्या शर्टाले?” अश्वजितने विचारलं.

“सांडलेलं पेट्रोल दर वेळी कोण पुसे? इंद्रभानच ना!”

काजलला रडूच आलं.

तिघांनी आबांना सगळं सांगितलं. आबांनी मान खाली घालून लगेच फोन लावला. “इंद्रभान, चुकलं माझं. परत ये.”

“नाही मालक. देऊळगाव राजाले काम धरलं आता.”

काजलने फोन घेतला. “काका, आमचंच चुकलं!”

“हुशार आहा लेकरंहो,” काका हळूच म्हणाले. “पण मले एकडाव विचारलं असतं तं सांगतलं असतं ना मी!”

आबांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “शाब्बास! चूक कबूल कराले हिंमत लागते.”

मागच्या वेळी हीच शाब्बासकी घेऊन ते उड्या मारत घरी गेले होते. आज तिघंही गाडीपाशी नुसते उभे राहिले.