परक्या देशाचं बाळसं

"उचलायचं जमत नसेल, तर उचलू नये माणसाने!"

वहिनीचा आवाज जिन्यात असा कडाडला, की समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून पाहिलं. वरच्या वळणावर ठकू बसकण मारून भोकाड पसरत होती, तिच्या इवल्याशा गुडघ्याचं सालटं निघालं होतं, आणि तिची आत्या कठड्याला घट्ट धरून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती... जणू पोरगी नव्हे, डोंगर उचलून आणला होता तिने!

"मला वाटलं, दारापर्यंत पोचेन गं वहिनी. एकदम दमच लागला. खाली ठेवायला गेले आणि निसटली माझ्या हातातून..."

"दम लागणारच! बसून बसून अंग जड झालंय तुझं. आम्ही रोज हिला कडेवर घेऊन हाच जिना चढतो, वर भाजीची पिशवी. आहे का आमच्या अंगावर कुठे चिमूटभर मांस?"

आत्या हसली. टोमणा बसला की हसायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. "ऐकलंस ना ठकू? तुझी आत्या म्हणजे बटाट्यांचं पोतं! पोत्याच्या कडेवर बसायचं नाही हं आता," असं म्हणत ती एकेक पायरी सावकाश चढू लागली. वहिनीने लेकीला उचललं आणि तरातरा वर निघून गेली.

आत्या म्हणजे ठकूच्या बाबांची धाकटी बहीण. दादाची लाडकी, आणि वहिनीच्या बरोबरीची. चार वर्षं परदेशात राहून ती महिन्याभराच्या रजेवर आली होती, आणि आल्या दिवसापासून जो तो तिच्या रूपाचं कौतुक करत होता. जाताना कशी होती? काडीसारखी बारीक, सावळी, शिवणयंत्रावर वाकून वाकून पाठीला पोक यायच्या बेतात असलेली. आणि आली ती कशी! गाल वर आलेले, हनुवटीखाली गोलाई, हात गुबगुबीत, आणि वर्ण तर असा उजळलेला की काकूंनी चारचौघींत टाळी दिली, "अगं, परदेश म्हणजे काय साबण आहे का? आम्हालाही पाठव की एक वडी!"

विमानतळावर तिला पाहिलं तेव्हा वहिनीच्या छातीवरून एक शिळा सरकली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही; स्वतःलाही धड सांगितलं नाही. तिने आत्याला मिठी मारली आणि हसत, रडत म्हणाली होती, "बरं झालं बाई, तुला मानवलं! मानवलं गं तुला..."

कारण परदेशातली ती जागा आत्याची नव्हतीच. जायचं होतं दादाला.

दोघं भाऊबहीण एकाच कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला. परदेशातल्या कंपनीने कारागीर निवडले, त्यात दादाचं नाव आलं, बॅग अर्धी भरून झाली, आणि नेमकी तेव्हाच पोटुशी वहिनी अंथरुणाला खिळली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाय खाली टेकवायचा नाही, जिवाला जपा. वहिनीने नवऱ्याला 'जाऊ नका' असं एका शब्दाने म्हटलं नाही... फक्त भिंतीकडे तोंड करून ती रडत राहिली. कुणीतरी ऐकावं, एवढ्याच आवाजात! आणि शेजारच्या खोलीत आत्याने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत ती सहज म्हणाली, "दादा, तू राहा. मी विचारलंय साहेबांना, त्यांना चालतंय. नाहीतरी माझा हात तुझ्यापेक्षा साफ आहे, कंपनीचा फायदाच होईल." तिच्यासाठी तेव्हा एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तीही नाही.

ठकू वेळेआधी जन्मली, पण जगली. बाप उशाशी होता म्हणून जगली, असं वहिनी मनोमन मानायची. आणि म्हणूनच फोनवर आत्याचा चेहरा दिसला की तिची नजर आपोआप बाजूला जायची. उपकारांचं ओझं वाहणं सोपं नसतं! मग ती गुबगुबीत, गोरीपान होऊन परत आली, आणि वहिनीचं मन बाळबोध आनंदाने म्हणालं, चला, फिटलं. तिचं वाईट झालं नाही. उलट भलंच झालं!

आणि ज्याचं भलं झालं, त्याच्यावर चिडायला काय हरकत आहे?

म्हणून वहिनी चिडू लागली. खरं तर तिच्याइतकी डोळ्यांत तेल घालून बसणारी बाई शोधून सापडली नसती. ठकू एकदा जास्त खोकली तर ती उठून बसायची, लेकीच्या नखांचा रंग बदलला तरी तिला कळायचा. आत्याचं सगळं तिला दिसत होतं. सकाळी उठते तेव्हा डोळे सुजलेले असतात... उशिरापर्यंत लोळते, दुसरं काय! आमटीत मीठ नको म्हणते... तिकडची फॅशन! दोन उशा लागतात, चपलेचा पट्टा रुततो, जेवली की ताट उचलायचंसुद्धा जिवावर येतं... मोठी पाहुणीच लागून गेली! मग ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा कामावर गेलेला, वहिनी दोरीवरचे कपडे काढत होती, आत्या चटईवर पाय पसरून ठकूच्या नव्या झग्याला काजं करत बसली होती, आणि ठकू तिच्या पायांशी काहीतरी फार महत्त्वाचं काम करत होती. मध्येच ती टाळ्या पिटत ओरडली,

"आई, बघ ना! आत्या कणकेची आहे!"

"हो का? मग लाट की तिला," वहिनी वळून न बघताच म्हणाली.

"खरंच! बोट काढलं तरी भोक राहतं!"

वहिनी हसली. मग हसू तिच्या ओठांवरच गोठलं. हातातले कपडे तसेच खाली पडले. ती धावत आली, गुडघ्यांवर बसली, आत्याने घाईने ओढून घेतलेला परकर तिने वर सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. त्या गोऱ्या, तकतकीत, लोकांनी दृष्ट लागेल म्हणत वाखाणलेल्या कातडीत एक खोल खड्डा तसाच राहिला होता... भरतच नव्हता!

"कधीपासून?"

"अगं, काय कधीपासून? पाय लोंबकळत ठेवून मशिनीवर बसलं की येते सूज. तू पण ना..."

"खोटं बोलू नकोस! ठकूच्या वेळी माझ्या पायाला असाच खड्डा पडायचा. तो पाहिला की डॉक्टरीणबाईंचा चेहरा कसा व्हायचा, ते मी मेले तरी विसरणार नाही. सांग मला!"

आत्याने सुई झग्यात टोचून ठेवली. ठकूला म्हणाली, "जा राणी, काकूंकडे जाऊन कात्री आहे का विचार," आणि ती दाराबाहेर जाईपर्यंत थांबली.

"त्या हॉलला खिडकीच नव्हती गं," ती मग म्हणाली. "दिवस काय, रात्र काय, वरती ट्यूबा. ऊन सुट्टीच्या दिवशी भेटायचं, आणि सुट्टीला आम्ही मेल्यासारख्या झोपायचो. काम चालू असताना मधेच उठलं, की पुढच्या बाईच्या हाताला काम नाही. मग मुकादम तिलाही बोलणार. म्हणून पाणीच प्यायचं नाही. पाठ धरली की गोळी, डोकं धरलं की गोळी... चण्याफुटाण्यांसारख्या खाल्ल्या. मग तिकडच्या डॉक्टरने सांगितलं, मूत्रपिंडं थकलीत. थकणारच! त्यांना कुठे रजा दिली मी?"

"आणि हा रंग?"

"रक्त नाही अंगात. गोरी कसली, पांढरी पडलेय."

"मग आल्या आल्या का नाही सांगितलंस? का नाही बोललीस गं?" वहिनी जवळजवळ किंचाळली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सोसवेना.

"सांगणारच होते. विमानात शब्दसुद्धा जुळवले होते. पण तू मला पाहून हसलीस... 'मानवलं गं तुला' म्हणालीस. चार वर्षांत फोनवर तू कधी सरळ माझ्याकडे पाहिलं नव्हतंस, वहिनी. त्या दिवशी पाहिलंस. तुझ्या डोळ्यांतलं ओझं उतरताना मला दिसलं. मग कशी सांगू? म्हटलं, महिन्याचाच प्रश्न आहे. दिसू दे तिला मी सुखी. पुढच्या आठवड्यात परत जाईन, मग तिकडे काय व्हायचं ते होईल... तुम्हाला दिसणार तर नाही!"

 आणि तेव्हा, एक क्षणभर, फक्त एकच क्षण, वहिनीच्या मनाच्या तळातून एक विचार वर आला: जाऊ दिलं तर? कुणाला कळणारही नाही. तिचीही तीच इच्छा आहे... मुलीची दुखणी, एकट्याची कमाई, त्यात हे जन्माचं आजारपण... विचार आला तसा गेला, पण जाताना तो तिच्या काळजावर नख ओढून गेला. हीच ती! चार वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून बेताने रडणारी हीच ती! न बोलता दुसऱ्याकडून त्याग काढून घेणारी!

ती उठली आणि तिने दादाला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता घरी या."

"वहिनी, नको! दादाला नको गं सांगू, माझी शपथ आहे तुला..."

"तुझं पुष्कळ ऐकलं मी!" वहिनी रडत म्हणाली. "सोयीचं होतं म्हणून ऐकलं!"

दादा आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते. त्याने सगळं ऐकलं, मग बहिणीसमोर जमिनीवर बसला आणि तिचं पाऊल दोन्ही हातांत धरून म्हणाला, "ही सूज माझ्या नावाची होती."  एवढा मोठा बाप्या, पण त्याचे खांदे लहान पोरासारखे गदगदत होते...

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासणीच्या कागदांवरून नजर वर करून सांगितलं, "वाचवण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे. पण त्या कामावर ही परत गेली, तर पुढचं मला विचारू नका." त्यांनी तिला ठेवून घेतलं. औषधं सुरू झाली, अंगातलं पाणी उतरू लागलं, आणि त्या सुजेखालून हळूहळू खरी आत्या वर आली. गालफडं बसलेली, गळ्याच्या हाडांत खळगे पडलेले, मनगट असं की काचेची बांगडी कोपरापर्यंत जावी! परदेशाने दिलेलं सगळं बाळसं थोड्या दिवसांत ओसरलं. वहिनीला त्या देहाकडे बघवेना, आणि तिथून हलवेना.

मग तिने सेवेचा सपाटा लावला. सकाळी ठकूचं आवरून, तिला काकूंकडे सोडून दवाखान्यात, दुपारी लेकीला जेवू घालायला घरी, तिला निजवून पुन्हा धावत दवाखान्यात. आत्याचे पाय चेप, केस विंचर, पाण्याचा घोट मोजून दे, चादर ओढ, पुन्हा सरळ कर. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती डोळे पुसत सांगायची, "देवमाणूस आहे हो आमची! आमच्यासाठी हिने जीव ओवाळून टाकला..."

ज्या दिवशी आत्याचं परतीचं विमान होतं, त्या दिवशी वहिनी असंच काहीतरी सांगत असताना खाटेवरून आवाज आला,

"पुरे!"

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. आत्या उठून बसली होती. 

"माझे पाय चेपू नकोस. माझी थोरवी सांगू नकोस. मी काय तुझ्या प्रायश्चित्ताची मूर्ती आहे का, रोज येऊन फुलं वाहायला?"

"मग रागाव गं माझ्यावर!" वहिनीचा बांध फुटला. "शिव्या दे, मार... पण ते तुझं हसणं नको! मला तुझ्या जाण्याचा आनंद झाला होता, माहीत आहे तुला? माझा माणूस राहिला म्हणून आनंद झाला होता! आणि परवा... परवासुद्धा मला क्षणभर वाटलं, तुला परत जाऊ द्यावं..."

"माहीत आहे! दिसलं मला!" आत्या म्हणाली. "आणि रागावलेच आहे मी! काय समजलीस? भांडी आपटायचीस, ते मला ऐकू येत नव्हतं? उठून तुला मदत करावी म्हणून अंथरुणात अंग रेटायचे, आणि उठवायचं नाही. वाटायचं, ह्यांच्यासाठी मी...! आणि तरी हसायचे. कंटाळा आलाय मला हसायचा, वहिनी. शहाणी म्हणवून घ्यायचा कंटाळा आलाय!"

बोलता बोलता तिचा आवाज चिरकला, आणि मग ती रडू लागली. शहाण्या माणसाचं, चार अश्रूंचं रडणं नव्हतं ते. तोंड वेडंवाकडं करून, नाक ओढत, हुंदके देत ती रडत होती, आणि वहिनी तिच्याकडे बघत होती... सरळ, नजर न चुकवता.

"मला भीती वाटते," हुंदक्यांमधून आत्या म्हणाली. "तिकडे पांघरूण तोंडावर घेऊन रडायचे, खोलीतल्या बायकांची झोपमोड नको म्हणून. कुणाला म्हटलंच नाही कधी. मला मरायचं नाही गं..." तिने वहिनीचा पदर मुठीत धरला. "आज जाऊ नकोस. काही करू नकोस माझं. नुसती बस इथे."

दुपार होत आली होती. ठकूच्या जेवणाची वेळ. ठकू जन्मल्यापासून वहिनीने तिला एक घाससुद्धा दुसऱ्या कुणाला भरवू दिला नव्हता. घास घशात अडकेल, पाणी पटकन मिळणार नाही, ह्या भीतीने ती घरी धावत सुटायची. तिने एका हाताने फोन काढून दादाला लावला. "सुट्टी काढून घरी जा, आज ठकूला तुम्ही भरवा. बारीक घास करा... नाही, तुम्हाला जमेल. मी येत नाही."

फोन खाली ठेवून ती खाटेच्या कडेवर बसली. चादर चुरगळली होती, ती तिने सरळ केली नाही. आत्याच्या मुठीतला पदर सोडवला नाही. चार वर्षांत ह्या मुलीने ह्या घराकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते द्यायला वहिनीजवळ होतं... भरपूर होतं!