नुसते ओठ हलवा

"मार्था, जरा चहा टाकतेस का?"

हाक इतक्या गोड, घोटीव आवाजात आली की मार्थाबाईंच्या हातातली करंजी कढईऐवजी शेगडीच्या कडेला पडली. वळून बघितलं तर दारात शांतवन उजगरे, त्यांचे यजमान. तोच उसवलेला स्वेटर, तीच मिशी, तेच कानटोपीतून बाहेर आलेले कान. आवाज मात्र भलत्याच कुणाचा. रेडिओवर बातम्या देणारा एखादा माणूस घरात शिरून चहा मागतोय, असं वाटायचं. गेले सतरा दिवस हे असंच चाललं होतं.

"टाकते," मार्थाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. तेलाचा धूर लागला म्हणायची सोय होती, हे बरं.

दोन वर्षांपूर्वी एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. प्रवरेकाठच्या सोनगावात, चौतीस वर्षं चर्चच्या गाणाऱ्या मंडळींची प्रमुख असलेली बाई, आणि तिला साधी कुकरची शिट्टी ऐकू येईना! दोन वर्षं शांतवनराव तिच्याशी पाटीवर लिहून बोलले. एसटीची विजेवरची गाडी चालवून निवृत्त झालेला माणूस, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण कंटाळला नाही. मग यंदा मुलीनेच, प्रिसिलाने, तिच्या पुण्याच्या हॉस्पिटलात आईच्या कानामागे ऐकू आणणारी डबी बसवून घेतली. प्रिसिला श्रवणतज्ज्ञ. नाताळच्या सुट्टीला ती घरी आली होती ती सोबत एक छोटा संगणक घेऊनच.

डबी सुरू झाली त्या दिवशी मार्थाबाईंनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले होते. पाण्याचा नळ, झाडू, कबुतरं, सगळं परत आलं. त्यांना सगळ्यात जास्त आठवत होता तो मात्र एकच आवाज. सकाळी उठल्यावर घसा खाकरून "मार्था, उठलीस का गं?" असं विचारणारा, खरखरीत, जरा फाटका, 'ठ' वर अडखळणारा. तो काही आला नाही.

"प्रिसू, हे काय आहे ते मला नीट सांग," चहाचं आधण ठेवून त्यांनी मुलीला समोर बसवलं. "तुझ्या पप्पांना काय झालंय?"

"पप्पांना काही नाही झालेलं, आई." प्रिसिलाने करंजीची कातणी हातात घेतली. "हे बघ. आपल्या कानाच्या शंखात हजारो केसपेशी असतात. तुझ्या गेल्या. त्यांच्या जागी आम्ही जी तार सरकवली, तिला टोकं आहेत फक्त बावीस. बावीस टोकांवर बोलणं कळतं, पण आवाज कसा येतो?"

"पत्र्याच्या डब्यात खडे." मार्थाबाईंनी एकदा डबीवरचं एक बटण बंद करून पाहिलं होतं. पुन्हा हिंमत झाली नव्हती.

"म्हणून डबीत पूरक नावाचा भाग आहे, तू बंद केला होतास तोच. मधले जे स्वर निसटतात, ते तो अंदाजाने भरतो. त्याला हजारो गायकांचे, निवेदकांचे आवाज ऐकवून तयार केलंय. त्यामुळे भरताना तो सगळं नीटनेटकं करतो. फाटकं असेल तर शिवतो, वाकडं असेल तर सरळ करतो."

"म्हणजे बाई आहे आत," मार्थाबाई म्हणाल्या. "टापटिपीची, खडूस."

त्या दिवसापासून घरात पूरकाला 'डबीतली बाई' असं नाव पडलं.

त्याच संध्याकाळी ओसरीवर नाताळच्या गाण्यांची तालीम होती. मंडळी जमली, पेटी निघाली. मार्थाबाई नेहमीसारख्या छडी घेऊन समोर उभ्या राहिल्या. छडी मारायला नव्हे, ताल द्यायला; पण पोरं घाबरायची ती घाबरायचीच. गाणं सुरू झालं आणि त्या थक्क झाल्या. एकही सूर इकडचा तिकडे नाही! बेबीताई रणपिसे गेली वीस वर्षं अंतऱ्याला पट्टी सोडून वर पळायची, तीही आज कशी सरळ चालली होती! मार्थाबाईंना पाच मिनिटं स्वर्गात गेल्यासारखं वाटलं. मग हळूहळू लक्षात आलं, रागवायला कुणी उरलंच नव्हतं. आणि मंडळी एकमेकांकडे का बघतायत, गालातल्या गालात का हसतायत, तेही कळेना.

कुंपणापलीकडे जैबुनबी शेळीला पाला घालत उभी होती. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलेल्या; तिच्या तोंडून खोटं निघत नाही, हे मार्थाबाईंना पक्कं ठाऊक. त्या कुंपणापाशी गेल्या.

"जैबुन, खरं सांग. कसे गातायत?"

जैबुनबीने एकदा मंडळींकडे बघितलं. "भाभी, शेळी दावं तोडायला बघतेय. आणखी काय सांगू?"

ओसरीवर हशा पिकला. मार्थाबाई हसल्या नाहीत. छडी खाली ठेवून त्या आत गेल्या आणि देवघरासारख्या जपलेल्या त्यांच्या खोलीत, येशूच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसल्या. मंडळींच्या बेसूरपणाचं त्यांना एवढं काही वाटलं नव्हतं. त्यांना भीती वाटली होती ती वेगळ्याच गोष्टीची. नवऱ्याचा जुना आवाज त्या मनातल्या मनात आठवून बघत होत्या, आणि गेले दोन दिवस तो आठवतच नव्हता. "मार्था, उठलीस का गं?" हे शब्द यायचे, पण त्या रेडिओवाल्याच्या आवाजात.

प्रिसिला मागून आली, तेव्हा त्यांनी हे तिला सांगितलं. लपवण्यात काय हशील होतं?

प्रिसिला गंभीर झाली. "मेंदू रोज जे ऐकतो तेच खरं धरतो, आई. आणखी दोन-तीन आठवड्यांत जुनं पुसट होईल. पण उपाय आहे. पूरकाला आपण एखाद्या आवाजाची ओळख करून देऊ शकतो. मग तो मधल्या जागा पप्पांच्याच आवाजाने भरेल, आपलं शहाणपण तिथे चालवणार नाही."

"मग करून दे ना! बसली आहेस कशाला?"

"बोलण्यावर भागत नाही. पप्पा बोलतात चार शब्द, तेही एकाच पट्टीत. आवाज खाली-वर गेला पाहिजे, ताणला पाहिजे, फाटला पाहिजे. म्हणजे गाणं लागतं. दहाएक मिनिटांचं. आपल्याकडे दर नाताळचं चित्रीकरण आहेच की! त्यातून पप्पांचा आवाज वेगळा काढते."

मार्थाबाईंचा जीव भांड्यात पडला. चौतीस नाताळ! शांतवनराव एकही चुकले नव्हते. दर वर्षी मंडळींच्या शेवटच्या रांगेत, काठीला बांधलेला कागदी तारा उंच धरून, प्रत्येक गाण्याला तोंड उघडून उभे असायचे.

प्रिसिलाने संगणक लावला. वडिलांच्या बोलण्याचा नमुना दिला आणि सगळी चित्रीकरणं त्यात सोडली. चहा होईपर्यंत यंत्राने एकेक आवाज सुटा केला. बेबीताई सापडली. जैबुनबीच्या मालकांचा खोकला सापडला, ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेळीच्या आजीपणजीचं ओरडणंसुद्धा सापडलं. शांतवनरावांच्या नावापुढे मात्र एकच ओळ आली: हा आवाज आढळला नाही.

"असं कसं?" प्रिसिला चक्रावली. "पप्पा तर इथे दिसतायत. हे बघ, तोंड हलतंय."

शांतवनराव चहाची कपबशी घेऊन मागेच उभे होते. ते हलकेच हसले.

"कसा आढळणार? तुझ्या आईनेच सांगितलं होतं. लग्नानंतरचा पहिला नाताळ. 'तुमच्या आवाजाने सगळी मंडळी घसरते, तुम्ही नुसते ओठ हलवा.' मी हलवले."

मार्थाबाईंना तो दिवस आठवला. सहज बोलून गेल्या होत्या त्या, हसत हसत, चारचौघांत. पुढच्या वर्षी पुन्हा सांगावंही लागलं नव्हतं. हा माणूस चौतीस वर्षं थंडीत काठी धरून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून काही निघत नाही हे आपल्या लक्षातही राहिलं नाही! वर आपण सुराची बाई म्हणून मिरवलो. डबीतली ती खडूस बाई आता त्यांना चांगलीच ओळखीची वाटली.

"अहो, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. आता गा ना. माझ्यासाठी गा."

"वेडी आहेस का?" ते गोड आवाजात म्हणाले, आणि त्या गोडव्याने मार्थाबाईंना आणखीच रडू आलं. "मला सवय नाही राहिली. ह्या वयात गल्लीला तमाशा नको. ऐकू येतंय तुला, तेवढं पुरे झालं." आणि ते बाहेर जाऊन ताऱ्याला कागद चिकटवत बसले. पुढचे चार दिवस प्रिसिलाने मिनत्या केल्या, बेबीताईने चिडवून पाहिलं. शांतवनराव म्हणजे शांतवनराव, ढिम्म.

तेवीस तारखेला दिवेलागणीला मंडळी गाणी घेऊन निघाली. पहिलं घर नेहमीप्रमाणे जैबुनबीचं. ती अंगणात सडा घालून, खिरीचं पातेलं झाकून वाटच बघत होती. ताऱ्यातला दिवा लागला. शांतवनराव शेवटच्या रांगेत काठी धरून उभे राहिले. बेबीताईने पेटीवर मेंढपाळांच्या गाण्याचे सूर धरले. सात कडव्यांचं, प्रत्येक कडव्यानंतर धृपद दोनदा. मंडळींनी श्वास घेतला.

"थांबा!" मार्थाबाईंनी छडी उंचावली. "आज माझं ऐका. सगळ्यांनी नुसते ओठ हलवा. एक सूर काढायचा नाही कुणी. बेबी, तू तर अजिबात नाही. आज एकटे तेच गातील."

आता सांगा, अशा वेळी माणसाने करावं काय? पेटी सुरू झाली. पंधरा माणसांनी एकदम तोंडं उघडली आणि एकाच्याही तोंडून आवाज निघेना. अंगणात नुसती पेटी. धृपद एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं. सगळे ओठ हलवत मागे वळून बघत होते. जैबुनबी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाओ ना भाईसाब, खीर थंड होतेय!"

आणि शांतवनराव गायले.

आधी दबकत, मग जरा मोकळे, आणि तिसऱ्या कडव्याला तर घाटात हॉर्न द्यावा तसे. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बेबीताईने पदराचा बोळा तोंडात घातला. प्रिसिला संगणक छातीशी धरून उभी होती, डोळे पडद्यावर. मार्थाबाईंना मात्र अजून तो रेडिओवालाच ऐकू येत होता. सुंदर, गुळगुळीत, परका. चौथं कडवं गेलं, पाचवं गेलं. त्यांनी छडी इतकी घट्ट धरली की बोटं दुखली. सहाव्या कडव्यात प्रिसिलाने मान वर केली आणि आईकडे बघून एक बटण दाबलं.

कानात बारीकशी टकटक झाली. पुढचा सूर आला तो थेट जैबुनबीच्या गोठ्यामागे जाऊन पडला.

फाटका. खरखरीत. पट्टीपासून दीड हात लांब. 'ठ' वर अडखळणारा. शांतवन!

मार्थाबाई मटकन ओट्यावर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच कळेना. छातीवरचं तीन आठवड्यांचं, नाही, चौतीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. सातवं कडवं संपलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "अहो, सूर!"

"बघ, मी म्हटलं होतं," शांतवनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात, त्यांच्या स्वतःच्या आवाजात.

"पुन्हा म्हणा," मार्थाबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून. आणि मोठ्यांदा."

नाताळच्या दिवशी उपासना झाली, जेवणं झाली, फराळाची ताटं गल्लीभर गेली. दुपारी प्रिसिला बॅग भरत होती. मार्थाबाई तिला अनारशांचा डबा बांधून देत होत्या. ओसरीवर शांतवनराव मेंढपाळांचं गाणं गुणगुणत खुर्चीला खिळा ठोकत होते. सकाळपासून चाललं होतं. आता ते थांबायचं नाव घेत नव्हते, आणि कुणी थांबा म्हणतही नव्हतं.

"उद्याच मला हजर व्हायचंय," प्रिसिला म्हणाली. "आठ महिन्यांचं एक बाळ आहे, जन्मापासून बहिरं. दोन तारखेला त्याची डबी सुरू करायची. पूरकासकट."

मार्थाबाईंचा हात थांबला. "त्याला जुना आवाज आठवणार नाही. त्याच्याकडे जुना आवाजच नाही. म्हणजे आई म्हटलं की त्याला ती डबीतलीच बाई..."

"हो. म्हणून मी त्या आईला म्हटलं होतं, आधी तुमच्या आवाजाची ओळख करून देऊ. पंधरा मिनिटं अंगाई गा. तर ती नको म्हणाली. खूप आग्रह केला मी." प्रिसिलाने बॅगेची साखळी ओढली. "म्हणते, माझा आवाज चांगला नाही, यंत्राचाच असू दे."

बाहेर शांतवनरावांनी धृपद उचललं आणि ते नेहमीच्या जागी घसरलं. मार्थाबाई दाराकडे बघत राहिल्या.

"प्रिसू," त्या म्हणाल्या, "तिला कुणी सांगितलं असेल गं, नुसते ओठ हलव म्हणून?"